इस्त्रीचा उजेड

"ही बत्ती न्हय, इस्त्री आसा," कोंडीराम एकदा आपल्या घरातल्या शंभराच्या बल्बकडे बोट दाखवून मला म्हणाले. थट्टा करत नव्हते.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत विजेला दोन भाव होते. बत्ती-पंख्याचा महाग. इस्त्री-शेगडीचा स्वस्त, तिला वेगळा मीटर, त्याला आम्ही 'पावर' म्हणायचो. उन्हाळ्यात पंख्याच्या बिलाला भिऊन माणसं गॅलरीत झोपत. कोंडीराम गिरणीत घडी खात्यात, कापडाच्या घड्या घालायला. स्वतःच्या टोपीचीही घडी कडक हवी म्हणून त्यांनी इस्त्री घेतली, पावरचा मीटर घेतला. पुढे इस्त्री जळाली, मीटर राहिला. त्याच्याच प्लगातून वायर ओढून त्यांनी बल्ब लावला. बोलण्यातून चोरी फुटू नये म्हणून घरात बल्बाचं नावच इस्त्री पडलं. दाराशी एक मिणमिणती बत्ती होती, ती नुसती दाखवायला. तिन्हीसांजेला ते बायकोला हाक मारायचे, "अगो सुंदरा, इस्त्री लाव, काळोख झालो!"

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीच्या समितीला अध्यक्ष हवा होता आणि कोंडीरामांना ते पद हवं होतं. जन्मभर कुणी त्यांना पुढे बसवलं नव्हतं. निवड व्हायची त्या संध्याकाळी चाळीनं निषेध म्हणून दिवे बंद ठेवायचं ठरवलं. कोंडीराम पत्र्याचा भोंगा घेऊन अंगणात उभे राहिले.

"बत्ती बंद! मुंबई आमची!"

एकेक खिडकी काळी होत गेली. मग अंगणात खसखस पिकली. कोंडीरामांच्या पाठीमागे त्यांचीच खिडकी लखलखत होती.

"अगो, बंद कर!"

"बत्ती कवाच बंद केलंय!" सुंदराबाई वरून ओरडल्या. "इस्त्रीचा तुमी काय बोल्लात?"

लवू शिंप्यालाही अध्यक्ष व्हायचं होतं. तो म्हणाला, "भाऊ, सरकार जेवायला येणार काय तुमच्याकडे? एवढी रोषणाई!"

"ती बत्ती न्हय," कोंडीराम पुटपुटले.

"मग अंधारात टोप्या कडक करताय? ए इग्नेशियस, तू मीटर वाचतोस ना? बोल, बत्ती की इस्त्री?"

इग्नेशियस त्यांचा शेजारी, वीज कंपनीत मीटर वाचायला. इतकी वर्षं तो त्या खिडकीखालून मान खाली घालून जायचा. आता सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"काका, तुमीच सांगा," तो म्हणाला. "इस्त्री बोललात तर मी काय बघितलं नाय. बत्ती बोललात तर उद्या मला हापिसात सांगायला लागेल."

बत्ती म्हटलं तर चोर. इस्त्री म्हटलं तर ती चालूच राहणार, आणि आपण साऱ्या चाळीच्या काळोखात आपलं घर उजळणारा फितूर. वरचा उजेड कोंडीरामांच्या तोंडावर पडला होता. शेजारी असून मी ते तोंड एवढं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. म्हातारं होतं.

त्यांनी टोपी काढली, तिची घडी बोटांनी नीट केली, पुन्हा घातली. भोंगा लवूच्या हातात दिला आणि इस्त्रीच्याच उजेडात वाट शोधत फाटकाबाहेर निघून गेले.