भांडणाची चाल

जबलपुरातल्या माझ्या जुन्या रेडिओंच्या दुकानात एक बाई नॉब घ्यायला येत. प्रत्येक नॉब कानाशी धरून फिरवत. एकदा स्वतः बांधलेली वाद्याची पेटी घेऊन आल्या. तिच्यातला एक भाग माईकमधल्या आवाजाची उंची ठोक्याठोक्याला पकडायचा आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तोच सूर धरून ठेवायचा.

समोरच दुकान थाटून माझी गिऱ्हाइकं पळवणाऱ्या धाकट्या भावाशी माझं बोलणं बंद होतं. बाईंशी नॉबचा भाव करताकरता मी त्याच्यावर घसरलो आणि माझ्या शिव्यांची पेटीतून चक्क चाल निघाली. मी गप्प झालो. शेवटचा सूर लांबतच राहिला.

“थांबले काहून, भैया?” बाई म्हणाल्या. “भांडा ना, अभी तो अंतरा आला!”

समोर भाऊ हसत दारात आला. “दादा, पुन्हा एकदा!”

मी पुन्हा शिव्या दिल्या, या वेळी त्याच्याकडे बघून.