पाव सरकवतात तसा पास
त्या दिवशी मला आमच्या पावभट्टीवाल्या अंकलांनी वाचवलं, हे आधी सांगतो. इथे दिल्लीत मैदानावरचं गवत कापलं की त्याचा ओला वास येतो आणि ती निवड चाचणी आठवते. इथल्याच एका केंद्रीय मंत्रालयाच्या फुटबॉल क्लबची माणसं मालवणात मुलं बघायला आली होती. क्लबात घेतलं तर नोकरीही मिळणार होती, आणि मी तर आठवीत शाळा सोडून अंकलांच्या भट्टीवर राबणारा. शिवाय आम्ही ओहोटीला आचऱ्याच्या किनाऱ्यावर खेळणारे. वाळूत बॉल अडतो, म्हणून तो जोरात हाणायची सवय. चाचणीच्या मैदानात हिरवळीवर माझा प्रत्येक पास जोडीदाराला ओलांडून थेट रेषेबाहेर. कोच वैतागून म्हणाले, "आता बॉल बाहेर गेला, तर तूही बाहेर." तेवढ्यात कडेला पावाची सायकल धरून उभे असलेले अंकल ओरडले, "रे मेल्या, हयसर वाळू खंय आसा? भट्टीत पाव सरकवतंस, तसो सोड मरे!" सगळे हसले, मीसुद्धा. लांब दांड्याच्या फळीवरून पाव सोडताना मनगट सैल ठेवायचो, तसा घोटा सैल सोडला. बॉल गवतावरून अलगद गेला आणि जोडीदाराच्या पायाशी थांबला. पुढचाही तसाच. संध्याकाळी निवडलेल्यांत माझं नाव पुकारलं, तेव्हा मी तिथेच मटकन खाली बसलो. अजूनही सामन्याआधी ती भट्टी डोळ्यांसमोर आणतो. अंकल, एक दिवस तुम्हाला इथे आणून अगदी रेषेजवळ खुर्ची देईन. ओरडायला बरं पडेल.