मामाची हाळी

आमच्या आतेभावाला निम्मा महाराष्ट्र गायक म्हणून ओळखतो. पण त्याच्याइतका कटकट्या माणूस भीमेच्या दोन्ही तीरांवर शोधून सापडायचा नाही, हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक. खुटबावचं हे पोर पहिल्यापासून मोबाइल पुढे धरून आवाज गोळा करत हिंडायचं. विहिरीवरच्या मोटारीची घरघर, भाकरी थापल्याचा आवाज, त्याला काहीही चालायचं. माझ्या साखरपुड्यात त्याने भटजींना मध्येच थांबवलं, कारण छताचा पंखा म्हणे सुरात कुरकुरत होता. आत्या तर कपाळाला हात लावून सांगायची, "पोरगी बघाय गेलो, तर ह्यो तिच्या बांगड्यांचा आवाज भरून आला. तिचं नाव इचारायचं ऱ्हायलंच."

पुढे त्याचं एक गाणं असं काही गाजलं, की शिक्रापूरच्या चौकातून जाणारा प्रत्येक ट्रक तेच वाजवायला लागला. त्या गाण्याची सुरुवात मेंढरांना बोलवायच्या हाळीने होते. ती हाळी माझ्या वडिलांची, भांडगावच्या आप्पांची. भाच्याने मामाची नक्कल हुबेहूब उचलली, असंच आम्ही धरून चाललो. कार्यक्रमात मात्र हाळीच्या वेळी तो लोकांकडे पाठ करून उभा राहायचा. पोरांना ती स्टाइल वाटली आणि ती वरातीत पाठमोरी नाचायला लागली.

मग आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आप्पा वाचले, आवाज गेला. घरची बागायत आहे, पण आप्पांचा जीव त्यांच्या वीस मेंढरांत, आणि मेंढरं तर दुसऱ्या कुणाला दाद देईनात. मी हाळी घातली, की मान वर करून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. महिनाभराने आप्पांनी पाटीवर लिहिलं, 'विकून टाक.' आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

हे कळल्यावर आतेभाऊ दौरा अर्धा सोडून आला. मी म्हटलं, "तू घाल की हाळी. तुझं ऐकत्याल."

तो कधी नव्हे तो लाजला. "मला कुठं येती? गाण्यात मामाच हायेत. तवा बांधावर बसून गुपचूप भरून घेतलं हुतं. म्हून तर पाठ करून उभा ऱ्हातो."

त्याने आप्पांना शेतात नेलं, मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि गाणं लावलं. मेंढरं पळत आली आणि आप्पांच्या पायांशी उभी राहिली. आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले आणि पाटीवरचं कालचं लिहिलेलंही पुसून टाकलं.

आता रोज दिवस कलताना आमच्या बांधावर ते गाणं लागतं. हाळी संपून आतेभाऊ गायला लागला, की आप्पा फोन बंद करतात. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "बराबर हाय. चांगलं तेवढंच हाय त्यात."

मी मात्र शिक्रापूरला कंपनीत जाताना ते गाणं शेवटपर्यंत ऐकतो. घरी पाटीवर बोलणाऱ्या माझ्या वडिलांचा आवाज त्या कटकट्याने जपून ठेवला. त्याचे उपकार मानायला मला एवढंच सुचतं.