गजूभाऊंच्या चाकूचा वास

आमच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये माल अडकतो, तसे किस्सेही अडकतात. माल निदान कुणीतरी सोडवून नेतं. किस्से तिथेच पडून राहतात, आणि चहाच्या वेळी कुणी एक ओढला की मागचे चार आपोआप घरंगळत येतात. एकट्या गजूभाऊंच्या चाकूचेच इतके झालेत की त्यांना आता वेगळा रॅक लागेल!

गजूभाऊ आमचे गोडाऊन सुपरवायझर. मी बुकिंगच्या खिडकीवर बसतो, त्यामुळे त्यांची सगळी सुखदुःखं माझ्या डोळ्यांदेखत घडतात. पूर्वी ते एका सिगरेटवर दुसरी पेटवायचे. मग एकदा छातीत कळ आली, डॉक्टरांनी झापलं, आणि शोभावहिनींनी घरात जाहीर केलं, "आता एक जरी सिगरेट ओढली, तं मी चालली काटोलले माहेरी. घ्यायले पण येऊ नका!"

वहिनी बोलतात ते करतात. गजूभाऊंनी त्या दिवसापासून सिगरेट सोडली. रोज संध्याकाळी दारात वहिनी त्यांचा शर्ट हुंगतात, मग आत घेतात. आम्ही त्याला चेकपोस्ट म्हणतो.

* * *

तर गजूभाऊंनी सदर बाजाराच्या फुटपाथवरून एक जुना घडीचा चाकू घेतला. गाठोड्यांची सुतळी कापायला. पातं झकास, मूठ लाकडाची, आणि त्या मुठीला सिगरेटचा असा वास की आधीच्या मालकाने चाकू नव्हे, ॲशट्रे विकला असावा!

चाकू शर्टाच्या खिशात घालून गजूभाऊ चेकपोस्टवर पोचले. वहिनींनी हुंगलं आणि तिथेच अडवलं.

"शोभा, तुह्या गळ्याची शपथ! मी नाही ओढली. त्या चाकूचा वास आहे वं!"

"काहून? चाकू ओढते का सिगरेट?"

शेवटी चाकू बाहेर काढून दाखवला तेव्हा कुठे आत घेतलं. पण वहिनींनी बजावलं, "असा वास रोज येत राहिला, तं खरं काय अन् खोटं काय, मले कसं समजणार? वास घालवा. नाही तं मी बॅग भरतो."

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ रडकुंडीला आलेले. आम्ही म्हटलं, "फेकून द्या ना चाकू!" तर एकदम भडकले. "फेकून काय द्या? स्टील पाह्य त्याचं!"

* * *

पहिला सल्ला पंढरीचा. पंढरी वजनकाट्यावर असतो आणि आमच्या गोडाऊनमधला शेवटचा उरलेला सिगरेटवाला. गजूभाऊंना यानेच बिघडवलं असं वहिनींचं ठाम मत आहे. त्याला त्या भाऊजी तर सोडाच, नावानेही हाक मारत नाहीत. 'तो काट्यावरचा' म्हणतात.

पंढरीने मूठ लिंबाने घासली, पाण्याने धुतली, फडक्याने पुसली, नाकाशी नेली.

"घ्या! गेला वास! मले तं काहीच येऊन नाही राहिला."

त्याच्या दुसऱ्या हातात पेटलेली सिगरेट होती.

गजूभाऊंनी चाकू घेतला, डोळे मिटले आणि एक लांब श्वास ओढला. मग हळूच सोडला. "नाही गा. आहे अजून." हे सांगताना ते फार काही दुःखी दिसले नाहीत.

* * *

बिलिंगच्या मेश्राम मॅडमना हा प्रकार अडाणीपणाचा वाटला. "वास असा जात नसतो. खायच्या सोड्यात पुरून ठेवा. सोडा सगळा वास ओढून घेतो." त्यांनी घरून डबा भरून सोडा आणला, त्यात चाकू पुरला आणि डबा चहाच्या सामानाशेजारी ठेवला.

त्या दिवशी नेमके शेठ आले. आमचे शेठ चहात साखर स्वतःच्या हाताने घालतात, कारण त्यांचा आमच्यावर विश्वास नाही. त्यांनी डबा उघडला, पिठीसाखर समजून भरपूर घातली, ढवळली. चमच्याला आत काहीतरी कडक लागलं होतं, पण शेठनी विचारलं नाही. चहा फसफसला. शेठ प्यायले. आम्ही सगळे भिंतीकडे बघत उभे!

थोड्या वेळाने शेठनी जी ढेकर दिली, ती पार काट्यावर ऐकू गेली.

"वा! आज कितीतरी दिवसांनी पोट हलकं वाटून राहिलं. हाच चहा रोज देत जा मले!"

चाकूचा वास मात्र होता तसाच. गजूभाऊंनी दिवसभरात बऱ्याचदा हुंगून खात्री केली.

* * *

आता एक आमच्या धंद्यातली गोष्ट. चहापत्तीचं पोतं आम्ही अगरबत्तीच्या मालाशेजारी कधीच ठेवत नाही. चहापत्ती शेजारच्याचा वास खेचते. नव्या हमालाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मग आमच्या डोक्यात आलं, की हीच चहापत्ती चाकूला का लावू नये?

अमरावतीला जाणारं चहापत्तीचं एक पोतं कोपऱ्यात फाटलं होतं आणि शिवायला बाजूला काढलं होतं. त्यात चाकू खोचला. संध्याकाळी काढू म्हटलं.

आमचे हमाल एरवी सांगूनही काम करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी न सांगता पोतं शिवलं, न सांगता गाडीत चढवलं, आणि गाडी निघूनही गेली!

सकाळी अमरावतीच्या व्यापाऱ्याचा फोन. "भाऊ, चहासोबत चाकू फ्री ठेवला का तुम्ही?"

गजूभाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. हातपाय जोडून चाकू परत मागवला. आमचे ड्रायव्हर शुक्लाजी मोठ्या जबाबदारीने तो स्वतःच्या खिशात घालून घेऊन आले. त्याच खिशात त्यांचं बिडीचं बंडल होतं.

"लो गजूभाऊ, संभाल के लाया हूँ!"

आता मुठीला सिगरेट, चहा आणि बिडी असा तिन्हींचा वास यायला लागला. गजूभाऊंनी हुंगलं आणि म्हणाले, "हं. हा जरा कडक आहे."

* * *

शेवटी मेश्राम मॅडमनी चाकू हिसकावलाच. व्हिनेगरने पुसला, मुठीच्या खाचेतली काळी राख काडीने कोरून काढली, वाळवून तेलाचा हात दिला आणि संत्र्याच्या सालीत गुंडाळून कपाटात कोंडला. बाहेर काढला तेव्हा नुसता संत्र्याचा सुवास! सगळ्यांनी हुंगून पाहिलं. पंढरीने तर यावेळी सिगरेट विझवून हुंगलं.

चेकपोस्ट एका झटक्यात पार झाला. वहिनी खूश. आम्हाला वाटलं, गजूभाऊ पार्टी देतील. पण त्या दिवसापासून हा माणूस बदलला. हमालांवर ओरडायचे. बडीशेप मुठीने खायचे. गाठोडी मोजता मोजता आकडा विसरायचे. अधूनमधून चाकू उघडून नाकाशी न्यायचे आणि तोंड वाकडं करून परत खिशात टाकायचे.

एका दुपारी मला ते समोरच्या पानठेल्यावर दिसले. हातात एक सिगरेट, न पेटवलेली. बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली, आणि भीतीही वाटली. मग त्यांनी ती ठेल्यावर परत ठेवली आणि मान खाली घालून आले. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

* * *

त्यानंतर दोनच दिवसांनी, गजूभाऊ बुटीबोरीला माल बघायला गेलेले असताना, शोभावहिनी गोडाऊनमध्ये आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. मला वाटलं, पानठेल्याची बातमी पोचली. आता संपलं सगळं.

वहिनी माझ्याकडे न बघता तडक काट्याकडे गेल्या. पंढरीने घाईघाईने सिगरेट पाठीमागे लपवली. पाठीमागून धूर निघत होता.

"पंढरीभाऊजी," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी ऐकून पंढरीचा रंगच उडाला. "वहिनी, मी काही नाही दिली त्याइले! आईची शपथ! मी पण सोडून देतो उद्यापासून!"

"सोडू नका."

वहिनींनी सकाळी गजूभाऊंच्या खिशातून गुपचूप काढून घेतलेला चाकू पर्समधून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"वास गेल्यापासून घरी नुसते ओरडून राहिले ते. हा रोज दिवसभर तुमच्या खिशात ठेवा. सिगरेटच्या पाकिटाला चिकटून राहू द्या. घरी निघायच्या आधी त्याइच्या खिशात टाकत जा. अन् मी सांगतलं म्हणून सांगू नका."