खऱ्या माणसांची खोटी खाती

कामरान, हे पत्र तुलाच आहे. उत्तर देऊ नकोस, ते मला पाठ आहे: "जाऊ द्या ना मॅडम." नाही जाऊ देणार. स्वतःची गोष्ट सांगताना तू निम्मी गिळतोस, म्हणून तुझ्यादेखत मीच सांगते. चुकलं तर थांबव.

कामरान मुलाणी चऱ्होलीचा. आकुर्डीला माझ्या हाताखाली इंग्रजी शिकला, डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका कारखान्यात मशीनला मापं पुरवणारे प्रोग्राम लिहू लागला. त्यासाठीची संगणकभाषा ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुली आणि फुकट. जगभरची माणसं सूचना करून ती वाढवतात. एकदा परदेशी ड्रॉइंगमधले इंच त्याच्या प्रोग्रामने मिलिमीटर म्हणून घेतले. कापायचं टूल जॉबवर, म्हणजे मशीनमध्ये धरलेल्या लोखंडावर आदळलं, तुकडा उडाला आणि मशीनवरच्या बुद्धरत्नचा डावा डोळा गेला. चौकशीत ठरलं, ऑपरेटर गाफील होता. कामरानला कोणी विचारलंसुद्धा नाही. तेच त्याला डाचलं.

त्याने भाषेच्या फोरमवर प्रस्ताव टाकला: आकड्याला त्याचं माप चिकटलेलं असावं, इंचात मिलिमीटर मिसळले तर भाषेनेच अडवावं. पुन्हा कुणाचा डोळा जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. उत्तर आलं, "तुमच्याशिवाय ही गरज कोणाला आहे?"

युनियनचे रोहिदासभाऊ हसले. "राव, नुसत्या अर्जाने आपल्याकडे तुंबलेलं गटार तरी उघडतं का? माणसं दाखव, माणसं!"

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अख्ख्या शिफ्टला फोरमवर खाती उघडायला लावली. सगळ्यांनी एकच ओळ चिकटवली, कामरानभाईंना जाहीर पाठिंबा. बुद्धरत्नने तेवढी स्वतःची लिहिली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: माझा डोळा गेला, कृपया मंजूर करा.

तिकडे डोकी मोजत नाहीत. एकाच कारखान्यातून आलेला लोंढा बघून भाषा सांभाळणाऱ्यांनी ठरवलं, ही सगळी खाती एकट्या कामरानने बनवली आहेत. चर्चा बंद, कामरान कायमचा बाहेर. बुद्धरत्नच्या ओळीखाली एकाने जाताजाता लिहिलं, "डोळ्याची कल्पना मात्र झकास!"

वर्षभराने तीच मागणी कुठल्याशा नामवंत संशोधकाने मांडली आणि ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. कंपनीत नवी आवृत्ती आली. शिकवायला कोण? कामरान. मागच्या बाकावरून बुद्धरत्नने विचारलं, "भावा, हे तुझंच ना?"

"न्हाई रे," कामरान म्हणाला आणि पुढचं पान उघडलं.

बंदीविरुद्ध दाद मागता येते. खाती खऱ्या माणसांची होती एवढं दाखवायचं. अर्ज मी लिहायचा आणि ओळखपत्र हातात धरलेल्या बुद्धरत्नचा फोटो कामरानने निगडीला माझ्या घरी आणून द्यायचा, असं आमचं ठरलं. अर्ज केव्हाच तयार आहे. फोटोसाठी बुद्धरत्नला काळा चष्मा काढ म्हणावं लागेल. ते कामरानने अजून म्हटलेलं नाही.