माझी मूठ

सुरतेच्या कॉलेजात पहिलं वर्ष संपेपर्यंत मी देव निकालात काढला होता. हा शोध शहादा तालुक्यातल्या आमच्या गावाला अजून कळलेला नाही, याचं मला फार वाईट वाटे. वडील गेले त्या वर्षी घरात कानबाई, आमची खानदेशातली कुलदेवी, बसली नव्हती. पुढच्या श्रावणात ती बसणार म्हणून मला सुटीत बोलावणं आलं, आणि मी सुधारणेचं काम हाती घेतलं.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, त्या फक्त घरच्यांनी खायच्या आणि संपवायच्या. मी आईला ऐटीत सांगितलं, "माझी मूठ धरू नकोस. माझा विश्वास नाही." मला वाद हवा होता. मुद्देसुद्धा तयार होते. आई म्हणाली, "बरं, भाऊ," आणि सूप आणायला गेली.

माझा इतका अपमान कोणी केला नव्हता.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायच्या निमित्तानं माजघराशी घुटमळलो. आई एकेका काकाचं, चुलतभावाचं नाव घेत मूठ टाकत होती. वडिलांच्या जागी तिचा हात क्षणभर थांबला आणि पुढे गेला. शेवटचं नाव झालं, तिनं हात झटकले. माझं नाव आलंच नाही. या घरात मूठ कुणाची टाकत नाहीत, तर जो गेला त्याची. मला एकदम रडू आलं. नास्तिक माणसाला असं रडू यावं, याची मला लाजही वाटली.

आई विहिरीवर गेल्याबरोबर मी कणगीत हात घातला. सव्वा मूठ म्हणजे किती, याचा अंदाज नव्हता. कमी पडायला नको म्हणून चांगल्या तीन-चार ओंजळी सुपात ओतल्या आणि वाचत असल्याचं सोंग घेऊन ओट्यावर बसलो.

दुसऱ्या दिवशी सगळे पोटभर जेवले, तरी पोळ्या संपेनात. मोठे काका दुरडीकडे पाहून उठलेच. "कानबाईनी बरकत दिधी!" त्यांनी हात जोडले. काकू डोळे पुसू लागल्या. सगळ्या भाऊबंदांत संध्याकाळपर्यंत चमत्कार पोहोचला. त्याचा बुद्धिनिष्ठ खुलासा फक्त मी करू शकत होतो, आणि मी खाली मान घालून सहावी पोळी खात होतो.

सगळे पांगल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली.

"देव नही म्हनस ना तू? मंग इतला गहू कसाले टाकात?"

"तू माझी मूठ टाकली नाहीस म्हणून," मी म्हणालो.

तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "येडा! तुन्ही मूठ मी सगळासना पहिले टाकेल व्हती. तू उशिरा उनास."

मग तिनं दुरडीतली उरलेली पोळी माझ्या ताटात वाढली, वर तुपाची धार सोडली, आणि ओसरीवर काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खाय, भाऊ. कानबाईनी दिधेल शे."