एकाच दाराचा समुद्र

गेल्या मंगळवारी सकाळी सातलाच सुशीलावहिनी आमच्या दारात उभ्या. हातात चहाचा कप, वर साय धरलेली... ओतून घेतला आणि प्यायलाच विसरल्या.

लालबागची आमची चाळ पडून टॉवर झाला, पण शेजारपण काही पडलं नाही. तेव्हा भिंतीला भिंत होती, आता सोळाव्या मजल्यावर दारासमोर दार. त्यांचा मुलगा प्रसाद तेलाच्या जहाजावर फिटर आहे. जहाज तेल भरून आखातात थांबलेलं, आणि तिकडच्या लढाईच्या बातम्या तुम्हीही बघताच... आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. उद्या होर्मुझमधून बाहेर पडतोय, दोन दिवस फोन लागणार नाही.

"भाऊजी, ह्या होर्मुझ म्हणजे गाव की दर्या?"

मी सातवी शिकलेला गिरणी कामगार, पण नकाशे बघायची खोड जुनी. ॲटलास काढला. आतून बायको म्हणाली, "झालं, मास्तरांची शाळा भरली. वहिनी, द्या तो कप, गरम करते."

वहिनींना म्हटलं, आपली दहा बाय बाराची खोली आठवा. माणसं कितीही, दार एकच... आखात तसंच आहे. इराक, कुवेत, कतार सगळे आत, तेल आत, गॅस आत, आणि समुद्रातून बाहेर पडायचं दार एकच. बाहेर येताना डाव्या हाताला इराण, उजव्या हाताला ओमानचं डोंगराळ टोक. त्या टोकाला वळसा घालून जहाज मोकळ्या समुद्राला लागतं.

सगळ्यात चिंचोळ्या जागी रुंदी साधारण बोरीबंदर ते ठाणे एवढीच. त्यातही मोठ्या जहाजांची वाट आखलेली... लालबाग ते दादर एवढा पट्टा जायला, तेवढाच यायला, मधे तेवढीच जागा सोडलेली.

"मगे दुसऱ्या वाटेन कित्याक नाय आणीत?"

"दुसरी वाटच नाही, वहिनी. आपल्या घरचा गॅससुद्धा बराचसा ह्याच दारातून येतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. माहिती सांगायच्या नादात समोर आई बसलीय हेच विसरलो. बायकोने शेगडी बारीक केली.

वहिनींनी नकाशातल्या त्या दारावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "गाऱ्हाणा घाला."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणात देवासमोर नारळ ठेवून मोठ्याने आपलं दुखणं सांगायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ द्यायची. वडील गेल्यापासून आमच्या मजल्यावर ते काम माझ्याकडे आहे. त्यात माणूस ज्या शिवेत असेल, तिथल्या राखणदाराला, म्हणजे शिवेच्या देवाला, हाक मारावी लागते.

पॅसेजमधे पाच-सहा जण जमलो. सगळे सवयीने खिडकीकडे वळले, कारण तिथून बंदरातली जहाजं दिसतात. मी म्हटलं, ती पूर्व. होर्मुझ वायव्येला... आणि आमच्या वायव्येला आहे लिफ्ट. शेवटी लिफ्टच्या बंद दारासमोर नारळ ठेवला. कोणी हसलं नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या माऊलीचो झील आज पाण्याच्या वाटेर आसा..."

"व्हय म्हाराजा."

तेवढ्यात लिफ्ट उघडली, आत कांबळे, हातात दुधाच्या पिशव्या. ते बौद्ध, देवाधर्माच्या ह्या गोष्टींत कधी नसतात. नारळ बघितला, वहिनींकडे बघितलं... पिशव्या भिंतीशी ठेवून आमच्या रांगेत येऊन उभे राहिले.

मी पुढे बोलत गेलो आणि शिवेपाशी अडलो. आमच्या गावचा राखणदार ठाऊक आहे. त्या पाण्याचा कोण? एका काठाला एक देश, दुसऱ्या काठाला दुसरा. नकाशात सगळं होतं, एवढंच नव्हतं.

गाऱ्हाण्याच्या मधे बायका सहसा बोलत नाहीत. पण मागून वहिनींचा आवाज आला, अगदी शांत.

"थंय पण कोणाची तरी आवस बसली आसतली, भाऊजी. दोनय काठार. तिच्या देवाक सांगा."

मी तसंच सांगितलं... दोन्ही काठांवरच्या आयांच्या देवा, ह्या पोराला वाट दे. 'व्हय म्हाराजा' ह्या वेळी जरा हळू आलं, पण सगळ्यांचं आलं.

ते दोन दिवस वहिनींनी फोन हातातून खाली ठेवला नाही. गुरुवारी दुपारी मेसेज आला, "आई, बाहेर पडलो. जेवतोय. मागे अजून खूप जहाजं थांबलीत."

मला वाटलं, आता पेढे येतील. वहिनी आल्या त्या नवा नारळ घेऊन.

"भाऊजी, जे मागे ऱवले, त्यांचा गाऱ्हाणा कोण घालतला?"

सत्तरीला आलो. जगाचा नकाशा मी बघत आलो, पण तो वाचायला शिकलो ते परवा, लिफ्टच्या दारासमोर...